विरामाच्या जागा

१५ जून २००३, रविवार. लातूर. सकाळी ७.१०
आजपासून ग्रंथ. नाव पक्कं केलं: ‘माणूस कसा बोलतो: चित्रपट आणि मुलाखतींतील संवादांचे शास्त्रीय विश्लेषण’. दिवाळीपर्यंत पूर्ण. रोज तीन पानं. गेल्या वर्षी रोज पाच ठरवली होती, तिथेच चुकलं.
साहित्याची ददात नाही. कॅसेटी एकशे चौदा, वह्या एकवीस. टीव्हीवरच्या मुलाखती, रेडिओवरच्या, पिक्चरमधले सीन, सगळं टेप करून शब्दन्‌शब्द उतरवलेलं. कोण किती बोललं, कोणी कुणाला तोडलं, कोण कुठे किती सेकंद थांबलं. अख्ख्या महाराष्ट्रातून पोरं लातूरला फिजिक्स-केमिस्ट्री शिकायला येतात. बोलणं शिकायला कोणी येत नाही. खंत नाही. पायोनियर माणूस एकटाच असतो.
मनूचा दहावीचा निकाल आता कधीही लागेल. मग ती अकरावीला इकडे येईल. इतर लोक भोकर-किनवटहून मुलं लातूरला पाठवतात, आपलं तर इथे घरच आहे. आणि मनू आली की तिची आई विनीताही बदली मागून घेणारच. पाटबंधारे खात्याने तिला नांदेडला टाकून दोन वर्षं झाली, मनूही तिच्याजवळच. नोकरीत एवढं चालायचंच.
मागची खोली रिकामी केली. टेबल खिडकीशी लावलं.
घरमालक शिवप्पाअण्णा जिन्यात भेटले. म्हणाले, “सर, खोली रिकामीच हाय तर क्लासची दोन पोरं ठिवू का?” म्हणालो, मुलगी येतेय. अण्णा “बरं बरं” म्हणाले. दोनदा ‘बरं’ म्हणजे पटलं.

१७ जून, मंगळवार
पानं: ०. पण टेबलाची उंची बदलली.
सकाळी सहाचा भाषेचा तास. उमाशंकरचा क्लास, माझाच जुना विद्यार्थी. पटावर दोनशे दहा, हजर नऊ, त्यातले दोन झोपलेले. भाषेचे मार्क मेडिकलला धरत नाहीत, हे त्यांना पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगून टाकतं. तरी सात जण जागे होते. दर्जेदार श्रोते मोजकेच असतात.
उमाशंकरनं बोलावलं. बारावीला आपल्या क्लासची मुरुडची अक्षरा बोर्डात चमकली, केबलवाले उद्या मुलाखत घेणार. म्हणाला, “सर, तिला जरा बोलायचं शिकवा. गेल्या साली पोरगं नुसतं हो-नाही करीत बसलं.”
अखेर.

१८ जून, बुधवार. दुपारी
अक्षराची तयारी घेतली. गेल्या सात वर्षांच्या एकतीस टॉपरांच्या मुलाखती माझ्याकडे उतरवलेल्या आहेत. सगळे म्हणतात, यशाचं श्रेय आईवडील आणि गुरुजनांना. एका दमात, रेशनच्या दुकानात नाव सांगितल्यासारखं. तिला सांगितलं, ‘आई’ म्हणायच्या आधी थांब. चार सेकंद. कॅमेऱ्याकडे नको, खाली बघ. मग म्हण.
हुशार आहे. वहीत लिहून घेतलं, अंतर्गत मूल्यमापनाला आहे का, असंही विचारलं.

रात्री
प्रक्षेपण झालं. अक्षरा चार सेकंद थांबली. अँकरला वाटलं मुलीला चक्कर आली. त्याने पाणी मागवलं, पंखा वाढवायला सांगितला आणि जाहिराती लावल्या. जाहिरातींनंतर अक्षराऐवजी तिचे वडील बसले होते. ते सोयाबीनवर बोलले.
तरीही: लातूर केबलच्या इतिहासातला हा पहिला नियोजित विराम. नोंद व्हायलाच हवी.

२२ जून, रविवार
साप्ताहिक फोन, सकाळी दहा. मनूला एक्याऐंशी टक्के. अभिनंदन केलं, ‘अभिनंदन’ शब्दाची व्युत्पत्तीही सांगितली. ती म्हणाली, “बाबा, आईशी बोला.”
विनीता म्हणाली, मनूला सायन्स नकोच आहे, ती आर्ट्स घेतेय, इथेच. माझेही शब्द मोजले, शास्त्राला आपपर नाही. मी: ५८०. विनीता: ४३. मनू: ९.
विश्लेषण: ‘इथेच’ म्हणण्याआधी विनीता दोन सेकंद थांबली. निर्णय झालेला माणूस थांबत नाही. म्हणजे दार उघडं आहे. खोली तशीच ठेवायची.

६ जुलै, रविवार
मनूने नांदेडला आर्ट्सला प्रवेश घेतला. तात्पुरता असावा. ऑगस्टपर्यंत बदलता येतो.
संध्याकाळी टीव्हीवर जुना हिंदी पिक्चर. पेन्सिल घेऊनच बसलो. नायकाने नायिकेला सतरा प्रश्न विचारले, तिने एकाचंही सरळ उत्तर दिलं नाही, आणि लग्न झालं. खलनायक मात्र प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मुद्देसूद देतो. तो शेवटी मरतो. प्रकरण तिसरं आपोआप तयार झालं. लिहायचं तेवढं बाकी.
खालून मल्लम्माअक्कांनी धपाटे पाठवले. अक्का म्हणजे अण्णांच्या मंडळी. बोलक्या, पण विस्कळीत. जेवलात का विचारतात आणि उत्तर द्यायच्या आत वाढतात.

३ ऑगस्ट, रविवार
विनीता म्हणाली, साहेबांनी विचारलं होतं, लातूर देऊ का. मी नको म्हटलं.
हा फोन महत्त्वाचा. ‘नको’ हा मराठीतला सगळ्यात फसवा शब्द. पंगतीत पाहुणा नको म्हणतो तेव्हा आपण हात आखडता घेतो का? वाढतोच. विनीताला आग्रह हवा आहे. तिला म्हणालो, तुझ्या ‘नको’चा मी अभ्यास करतोय. ती म्हणाली, “करा.” फोन ठेवला.
होकारार्थी क्रियापदाने शेवट. चांगलं लक्षण.
ग्रंथ: प्रस्तावना चौथ्यांदा.

२१ ऑगस्ट, गुरुवार
आज तारखेखाली दोनदा रेघ ओढली.
मुंबईच्या एका वाहिनीचा क्लासवर फोन. भूकंपाला येत्या तीस सप्टेंबरला दहा वर्षं. त्या निमित्ताने विशेष कार्यक्रम. स्थानिक माहीतगार हवाय, माणसं शोधून द्यायला, बोली समजावून सांगायला. उमाशंकरने माझं नाव दिलं. म्हणाला, सरांकडे वेळच वेळ आहे.
ज्ञान म्हणायचं असावं त्याला.

२८ ऑगस्ट, गुरुवार
वाहिनीच्या देविकाबाई येऊन गेल्या. वय पंचवीसच्या आत. त्यांच्यासमोर मुलाखतीच्या शास्त्रावर पन्नास मिनिटं बोललो. त्या एकदाही मधे बोलल्या नाहीत. मुलाखतकार म्हणून जमेची बाजू.
जाताना विचारलं, इथे जवळपास कुणी आहे का, ज्यांचं माणूस गेलं. मी म्हणालो, खालीच आहे. मल्लम्माअक्कांचं माहेर किल्लारीच्या पलीकडचं लहान गाव. आई आणि धाकटी बहीण पार्वती, दोघी त्या पहाटे गेल्या. एवढंच मला माहीत. बारा वर्षं त्यांच्या माडीवर राहतो, पण मी कधी विचारलं नाही. योग्य साधनांशिवाय असं विचारणं बरं नव्हे.
बारा सप्टेंबरला शूटिंग. माझीही मुलाखत घेणार आहेत! तज्ज्ञ म्हणून.

३१ ऑगस्ट, रविवार. गणेश चतुर्थी
नांदेडला फोन. मुलाखतीचं सांगितलं. मनू म्हणाली, “अरे वा.” विनीता म्हणाली, “छान. कपडे इस्त्री करून घाला.” मग म्हणाली, “मी काय म्हणते, ती खोली अण्णांना देऊन टाका. उगं अडवून ठेवू नका.”
मी म्हणालो, दसऱ्यापर्यंत बघू. ती काही बोलली नाही. सहा सेकंद. आजवरचा सर्वांत मोठा विराम. एवढा वेळ माणूस उगाच लाईनवर राहत नाही. काळजी आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार
अक्कांची तालीम सुरू. अण्णांच्या दुकानामागच्या पडवीत, डाळीच्या पोत्यांवर टेपरेकॉर्डर. मी देविका झालो.
प्रश्न: त्या दिवशी काय घडलं?
अक्का: “काय घडलं म्हंजे? सगळ्यांस्नी ठावं हाय की.”
प्रश्न: बहिणीबद्दल सांगा.
अक्का: “पारू व्हय? ती लई तिखट खायाची. येसर तिच्यासारखा कोनाला जमला न्हाई.”
अशी सतरा मिनिटं. येसराच्या आमटीचा मसाला, विहिरीचं पाणी, कोणाच्या तरी लग्नातली बैलगाडी. भूकंप नाहीच. प्रेक्षक थांबणार नाही. घरी येऊन संवाद लिहून काढला: ‘पारू, तुझी हाक (विराम ३ सेकंद) अजून माझ्या कानात आहे.’ वाचून स्वतःचेच डोळे पाणावले. लेखनातही मला गती आहे, हे नव्याने कळलं.

८ सप्टेंबर, सोमवार
तिसरी तालीम. अक्कांना वाक्य पाठ होत नाही. ‘पारू तुझी हाक’ म्हणतात आणि पुढे “काय होतं वो सर?”
आज मधेच म्हणाल्या, “आमचं भांडन झालतं सर. त्याच्या आधी आठ दिस.” मी टेप थांबवला. समजावून सांगितलं की भांडण नको. बहिणी आहेत, माया हवी. भांडण आलं की सहानुभूती विभागली जाते. अक्का पदर खोचून उठल्या. मग म्हणाल्या, “चहा टाकू का?”
तालमीचा ताण सगळ्यांनाच येतो.

११ सप्टेंबर, गुरुवार
उद्याची तयारी. शर्ट इस्त्री. कॅसेट क्र. १ काढून ठेवली. ही माझ्या सगळ्या कामाचा पाया. भूकंपाच्या पहाटे, सगळी गल्ली रस्त्यावर आलेली असताना, बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर घेऊन उभा राहिलो. लातूरभर लोक ओरडत होते, रडत होते, देवाचं नाव घेत होते, आणि हे कोणीतरी जतन करावं असं सुचणारा मी एकटा. नव्वद मिनिटं. नंतर चाळीसदा तरी ऐकून उतरवून काढली. एकोणीस आवाज, क्रमांकासह.
उद्या देविकाबाईंना ऐकवणार. मग त्यांना कळेल त्या कोणासमोर बसल्या आहेत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
क्रमाने लिहितो. डोकं दुखतंय.
दहाला शूटिंग सुरू. अक्का पडवीत बाजेवर, नवं इरकल नेसून. मी कॅमेऱ्याच्या बाजूला, विरामाच्या जागा हाताने दाखवायला. अक्कांनी माझ्याकडे बघत सुरुवात केली, “पारू, तुझी हाक...” मी तीन बोटं वर केली. अक्का थांबल्या. मग देविकाबाईंकडे वळून म्हणाल्या, “हे सरनं लिहून दिलंय बाई. असं कोन बोलतंय?”
कॅमेरावाला हसला. देविकाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, सर, तुम्ही जरा बाहेर बसता का?
बाहेर पायरीवर शिवप्पाअण्णा बसले होते. दार उघडंच होतं, आम्हा दोघांना सगळं ऐकू येत होतं.
अक्का सांगत होत्या. पारूनं विसर्जनाला बोलावलं होतं. गल्लीतल्या दुकानात फोन आला, अक्का तिथे जाऊन बोलल्या. अक्कांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा पारू बघायला आली नव्हती, तो राग होता. “मी म्हनलं, मेले तरी तुझा उंबरा चढत न्हाई. ती म्हनली, नको चढू. ठिवून दिला फोन. मंग त्या दिवशी ट्रकमधी बसून गेलो आमी. गेले तर उंबराच न्हाई बाई. कुठला उंबरा कोनाचा, काईच कळंना. हातानं माती काढीत होते. मला नुसतं उंबरा हुडकायचा होता.”
नंतर किती वेळ कोणी बोललं नाही ते मोजलं नाही. घड्याळ हातात होतं.
अण्णा पायरीवरच बसून म्हणाले, “दहा सालं झाली सर. मला न्हाई सांगितलं कधी.” आणि थोड्या वेळाने, “म्या बी न्हाई इचारलं.”

त्याच दिवशी, पुढे
माझी मुलाखत अकरा ते पावणेबारा. माझ्या मते उत्तम. विरामांचे सात प्रकार सांगितले. देविकाबाईंनी मधे एकच प्रश्न विचारला, त्या पहाटे तुमच्या घरी कोण कोण होतं? मी म्हणालो, पत्नी आणि मुलगी, पाच वर्षांची. त्या म्हणाल्या, मग? मी म्हणालो, मग मी टेपरेकॉर्डर घेऊन खाली उतरलो. आणि कॅसेट काढून दिली.
त्यांनी हेडफोन लावले. बराच वेळ ऐकत होत्या. माझी वही शेजारी, त्यात बघून आवाज जुळवत होत्या. मग एक कान मोकळा करून विचारलं, “सर, चार नंबर कोण आहेत?”
वहीत पाहिलं. ‘आवाज क्र. ४: स्त्री, पार्श्वभूमी. तेच वाक्य अकरा वेळा. महत्त्वाचे नाही.’ म्हणालो, शेजारच्या कोणी बाई असतील.
त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावले.
“अहो, मनूला घ्या ना. पायात काच गेलीय माझ्या. अहो.”
मग पुन्हा तेच. मग पुन्हा. शेवटी एक दुसरा आवाज, जवळचा, ठसठशीत: “आना इकडं लेकरू. तुमी बसा खाली.” हा माझ्या वहीत क्र. ७. मल्लम्माअक्का.
चाळीसदा ऐकली होती मी ती कॅसेट.
देविकाबाईंनी विचारलं, कॉपी घेऊ का? मी हो म्हणालो. माईक तिच्यापासून लांब होता, हेही सांगितलं. तांत्रिक कारण सांगणं आवश्यक होतं.

१४ सप्टेंबर, रविवार
फोन केला नाही. घसा बसलाय. दुपारी बरा झाला, पण तेव्हा त्यांची झोपायची वेळ.
पानं: ०.

२१ सप्टेंबर, रविवार
आता शांतपणे विचार केला. एका वाक्यावरून दहा वर्षांचा निष्कर्ष काढणं अशास्त्रीय. शिवाय कार्यक्रमात माझी मुलाखत लागणार. किमान दहा मिनिटं तरी घेतील. विनीता-मनूसोबत बसून बघावी. टीव्हीवरच्या माणसाचं म्हणणं घरातलेही ऐकतात, हे निरीक्षण माझंच आहे, प्रकरण पाच.
फोन करून सांगितलं, तीस तारखेला येतो. विनीता म्हणाली, या.
एकच अक्षर. जपून वापरते शब्द.

३० सप्टेंबर, मंगळवार
सकाळची नांदेड गाडी. चाकूरला चहा. खिशात तिला सांगायचं सगळं लिहिलेला कागद, विरामांसकट. लोह्याच्या पुढे दोनदा वाचला. सशक्त वाटला.

१ ऑक्टोबर, बुधवार. नांदेड, एसटी स्टँड. सकाळी ८.२०
लिहून ठेवावं लागेल, नाहीतर मी ते बदलेन.
कार्यक्रम साडेसहाला. सोफ्यावर विनीता आणि मनू, मी खुर्चीवर. खुर्ची पाहुण्यांची असावी, तिच्यावर कव्हर होतं. मनू उंच झालीय. दोघी एकमेकींशी अर्धी वाक्यं बोलतात, “ते आज...” “हो, ठेवलंय”, आणि समजतं दोघींना. मी आलो की पूर्ण वाक्यं बोलतात.
अक्का आल्या. दीड मिनिट. उंबऱ्याचं सगळं होतं. विनीता पदर तोंडाला लावून बसली.
मग पडदा काळा झाला. अक्षरं: लातूर, ३० सप्टेंबर १९९३, पहाट. आणि आवाज. गलका, कुत्री, कुणाची तरी आरती. आणि त्यातून, “अहो, मनूला घ्या ना. पायात काच गेलीय माझ्या. अहो.”
मनू म्हणाली, “आई, तू आहेस?”
विनीता म्हणाली, “हो गं.”
“आणि बाबा?”
“बाबा टेप करत होते.”
तिच्या आवाजात राग नव्हता. मी शोधला. नव्हता.
कार्यक्रम संपला. मी त्यात नव्हतो. शेवटी नावं पळाली त्यात माझ्या नावाची एक ओळ होती, ‘ध्वनिसंग्रह: श्री. कंधारकर’, ती वाचायच्या आत बातम्या लागल्या. मनू अभ्यासाला उठून गेली. तिने जाताना आईच्या तळपायाला हात लावला. तिथे पांढरी रेघ आहे. लग्नाला अठरा वर्षं झाली. मी ती काल पाहिली.
कागद काढला नाही. म्हणालो, खोली तयार आहे, टेबल खिडकीशी आहे.
विनीता म्हणाली, “मी लातूरला येणार नाही. मनू पण येणार नाही. हे मी चौथ्यांदा सांगतेय. ऐकू आलं का?”
ऐकू आलं म्हणालो.
मग तिने जेवायला वाढलं. वांग्याची भाजी. सकाळी डबा बांधून दिला, दशम्या आहेत.
गाडी लागली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. लातूर
अण्णांना सांगितलं, खोली देऊन टाका. दुपारी दोन पोरं आली, एक भोकरचा, एक देगलूरचा. टेबल आवडलं त्यांना.
अक्का पायरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांच्याकडे कार्यक्रम बघून सारखं कोण कोण येतंय. दोन बायका तर अक्कांच्या माहेरच्या, दहा वर्षांत पहिल्यांदा भेटल्या. अक्का मला म्हणाल्या, “नांदेडला बाई काय म्हनल्या?”
सांगितलं, येणार नाही म्हणाल्या.
अक्का खडे काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “मंग तुमी जावा की तिकडं.”
वर आलो. वह्या काढल्या. दोन वर्षं त्यांच्या येण्याचं विश्लेषण करतोय. जाणं हा पर्याय एकाही वहीत नाही. खरंच नाही, एकवीसही चाळून पाहिल्या.

६ ऑक्टोबर, सोमवार
निर्णय झाला. नांदेडला जायचं. तिकडे आता क्लास निघायलेत, भाषेला माणूस लागेलच. आधी एखादी लहान खोली घ्यायची, त्यांच्या घराजवळ. रोज संध्याकाळी थोडा वेळ जाऊन बसायचं. प्रश्न कमी विचारायचे. कॅसेटी इथेच ठेवायच्या. किंवा महत्त्वाच्या चाळीसच न्यायच्या.
उमाशंकरकडे गेलो. त्याला धक्का बसेल म्हणून सावकाश सुरुवात केली. तो मधेच म्हणाला, “सर, बरं झालं तुम्हीच विषय काढला. मी कसं सांगावं हाच विचार करायलो होतो. दिवाळीनंतर सहाच्या तासाला टेस्ट सिरीज टाकायची आहे.” चहा मागवला. पाया पडला. टेस्ट सिरीजचा कागद आधीच छापलेला होता, टेबलावर होता.
एका अर्थाने सोपं झालं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
उद्या फोन. दुसरा शनिवार, विनीताला सुटी. रविवारची वाट बघणार नाही. काही लिहून काढलेलं नाही. फक्त म्हणायचं, मी तिकडे यावं म्हणतो, चालेल का? आणि गप्प बसायचं. ती जे म्हणेल ते ऐकायचं. नको म्हणाली तर नको.
आज प्रथमच झोप लागेल असं वाटतंय.

११ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी १२.३०
फोन केला. उचलणारा आवाज ओळखीचा नव्हता. बाई होत्या कोणी. म्हणाल्या, “त्या दोघी पिक्चरला गेल्यात. मी खालची, गॅसवाला येणार म्हणून किल्ली ठिवून गेल्यात माझ्यापाशी.”
मी म्हणालो, बरं.
“काही निरोप द्यायचाय का?”
एवढा मोठा निरोप त्यांच्याकडे कसा द्यावा ते कळेना. म्हणालो, काही नाही, श्रीपादचा फोन आला होता एवढंच सांगा.
त्या म्हणाल्या, “कोण श्रीपाद?”
म्हणालो, मनूचे बाबा.
“असं व्हय,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं त्या दोघीच असतेत.” त्यांच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. मग म्हणाल्या, “तुमी कुठं असता?”
लातूरला, म्हणालो. पुढे सांगणार होतो. तिकडून दारावर टाकी आपटल्याचा आवाज आला. गॅसवाला होता. त्यांनी फोन ठेवला.